कड्या कोणी ओवल्या?

'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या तीन चित्रपटांसाठी कड्यांची जी चिलखतं लागली, त्यांत सुमारे १ कोटी २५ लाख कड्या होत्या. प्लास्टिकच्या नळ्यांचे बारीक काप काढून, एकेक कडी हातानं दुसरीत अडकवून ती चिलखतं विणली गेली. हे काम करणाऱ्यांच्या बोटांचे ठसेच झिजून गेले, अशी एक गोष्ट आम्हा चाहत्यांमध्ये गेली वीस-बावीस वर्षं फिरते आहे. मीही ती अनेकांना सांगितली आहे आणि दर वेळी कौतुकानंच सांगितली आहे. ऐकणाऱ्याचे डोळे विस्फारतात, तो 'काय निष्ठा!' म्हणतो आणि बोलणं पुढे तलवारींकडे, किल्ल्यांच्या प्रतिकृतींकडे सरकतं. ती माणसं दिवसाचे किती तास बसत होती, त्यांना त्याचे काय मिळाले, काम संपल्यावर ती कुठे गेली, हे इतक्या वर्षांत मला कुणी विचारलेलं नाही. मीही कुणाला विचारलेलं नाही.

अद्भुतपटाच्या पुढच्या भागाची निर्मिती डोळ्यांत तेल घालून पाहणाऱ्यांपैकी मी एक आहे. कुठल्या नटाशी करार झाला, कुठल्या नदीकाठी सेट उभा राहतोय, संकलन कुठवर आलं, हे मला चित्रपट पडद्यावर येण्याच्या दोन-दोन वर्षं आधी ठाऊक असतं. या नादानं मला पुष्कळ दिलं आहे, म्हणूनच त्याबद्दलची तक्रार आमच्यातल्याच कुणीतरी करायला हवी. आम्ही निर्मितीकडे इतक्या बारकाईनं पाहतो आणि तरी त्यातली माणसं आम्हाला दिसत नाहीत. कथेवर आम्ही हक्क सांगतो, तो आमचा नाही. तारखेवर सांगतो, तोही नाही. हे काम कुणाच्या जिवावर आणि कुठल्या अटींवर चाललं आहे, एवढं विचारण्याचा अधिकार मात्र आम्हाला खरोखर आहे, आणि तो आम्ही वापरत नाही.

आधी या नादाची बाजू मांडायला हवी, कारण बाहेरून तो पोरकट दिसतो. एरवीचा प्रेक्षक चित्रपटाला भेटतो तेव्हा चित्रपट पुरा झालेला असतो. पुढच्या भागाची वाट पाहणारा अर्ध्या गोष्टीत अडकलेला असतो. पहिल्या भागानं त्याला एक अख्खं जग दिलेलं असतं, त्याचे नकाशे, त्याच्या भाषा, त्याचे राजवंश, आणि मग दार लोटून घेतलेलं असतं. आतून हातोड्यांचे आवाज येत असतात. अशा वेळी दाराला कान लावून बसणाऱ्याला मी रिकामटेकडा म्हणणार नाही. चित्रपट हा शेकडो हातांनी, कित्येक महिने खपून होणारा उद्योग आहे हे ज्यांना मनापासून कळतं, असे लोक मला सर्वांत जास्त याच जमातीत भेटले आहेत. कलादिग्दर्शन म्हणजे काय, चित्रीकरण संपल्यावर पुन्हा वर्षभर काय चालतं, लहान प्रतिकृती पडद्यावर डोंगराएवढी कशी दिसते, हे सारं मी कुठल्या वर्गात बसून शिकलो नाही. पुढच्या भागाची वाट पाहता पाहता शिकलो.

निर्मात्यांनाही हे लवकरच उमगलं. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या वेळी, १९९८ मध्येच, दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांनी चाहत्यांनी पाठवलेल्या हजारो प्रश्नांतून वीस निवडून त्यांना जाहीर उत्तरं दिली. न्यूझीलंडमध्ये चित्रीकरण सुरू झाल्यावर सेटच्या आसपास फिरून बातम्या काढणाऱ्या एका चाहतीला आधी 'या हद्दीत पाऊल ठेवू नका' अशी नोटीस मिळाली आणि नंतर खुद्द निर्मात्यांनीच तिला सेट पाहायला बोलावलं. ७ एप्रिल २००० रोजी इंटरनेटवर पहिली झलक आली, तेव्हा २४ तासांत ती १७ लाख वेळा उतरवून घेतली गेली. तेव्हाच्या टेलिफोनच्या तारेवरून चालणाऱ्या जोडण्या ज्यांना आठवतात, त्यांना या आकड्यामागचा धीर कळेल. पुढे पहिल्या भागाची विस्तारित आवृत्ती घरी पाहण्यासाठी निघाली, तिच्या शेवटच्या श्रेयनामावलीत अधिकृत चाहता मंडळाच्या सभासदांची नावंही घातली गेली. ती नावं कित्येक मिनिटं सरकत राहतात. मला तो भाग आजही आवडतो. फक्त आता तो पाहताना मनात दुसरंच काही येतं, त्याकडे शेवटी येईन.

माझं मत बदललं ते २०१० च्या ऑक्टोबरमुळे, आणि बदलायलाही पुढे काही वर्षं जावी लागली.

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्याच लेखकाच्या 'द हॉबिट' या पुस्तकावर चित्रपट निघणार हे कळल्यापासून आम्ही जिवाचे कान करून होतो. एप्रिल २००८ मध्ये गिलेर्मो देल तोरो यांचं नाव दिग्दर्शक म्हणून जाहीर झालं. दोन वर्षं ते रेखाटनं करत राहिले, पण ज्या स्टुडिओचा यात वाटा होता तो एमजीएम कर्जात बुडालेला होता आणि कामाला हिरवा कंदील मिळेना. ३० मे २०१० रोजी देल तोरो बाहेर पडले. आमच्यासाठी तो सुतकाचाच दिवस होता. मग सप्टेंबरमध्ये आणखी एक बातमी आली. न्यूझीलंडमधल्या कलाकारांच्या संघटनेला किमान अटींबद्दल सामूहिक बोलणी हवी होती. निर्मात्यांचं म्हणणं, हे कलाकार स्वतंत्र कंत्राटदार आहेत, त्यांच्याशी सामूहिक करार करणं कायद्यातच बसत नाही. कलाकार संघटनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघानं सभासदांना सांगितलं की बोलणी होईपर्यंत या चित्रपटाची कामं स्वीकारू नका. आणि मग ते वाक्य कानावर आलं, ज्यानं आमची झोप उडाली: चित्रपट न्यूझीलंडबाहेर जाऊ शकतो.

२५ ऑक्टोबरला, तिथल्या कामगार दिनाच्या सुट्टीला, हजारो लोक रस्त्यावर उतरले. चित्रपट इथेच राहू द्या, अशी त्यांची मागणी होती. कामगार दिनी, कामगारांच्या संघटनेविरुद्ध. मी त्या गर्दीत नव्हतो, पण मनानं पुरता तिकडेच होतो. मूठभर नटांच्या हट्टापायी आमचा चित्रपट बुडतोय, असं मी तेव्हा ज्याला त्याला तावातावानं सांगितलं. त्या नटांचं नेमकं मागणं काय आहे, हे मी एकदाही नीट वाचलं नव्हतं. आधीच्या चित्रपटातल्या तलवारींची नावं मला पाठ होती.

पुढच्या दोन-तीन दिवसांत सगळं उरकलं. चित्रपट काढणाऱ्या वॉर्नर ब्रदर्स स्टुडिओचे अधिकारी वेलिंग्टनला आले, पंतप्रधान जॉन की यांच्याशी बोलले. सरकारनं प्रत्येक चित्रपटामागे ७५ लाख अमेरिकी डॉलरपर्यंतची जादा सवलत कबूल केली, आणि महिना संपायच्या आत संसदेत घाईनं कायदा दुरुस्त झाला. चित्रपटावर काम करणारा माणूस करारात तसं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर कर्मचारी मानला जाणार नाही, तो कंत्राटदारच ठरेल, अशी ती दुरुस्ती होती. कंत्राटदार ठरला की सामूहिक वाटाघाटींचा मार्ग बंद. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला.

डिसेंबरमध्ये एक इमेल उजेडात आली. १८ ऑक्टोबरला, म्हणजे त्या मोर्चांच्या आठवडाभर आधी, जॅक्सन यांनीच एका मंत्र्याला कळवलं होतं की हा बहिष्कार आणि चित्रीकरणाच्या जागेची निवड यांचा संबंध नाही. ज्या भीतीपोटी लोक रस्त्यावर आले, ती भीती निदान त्या आठवड्यात तरी खरी नव्हती. जे रस्त्यावर उतरले त्यांचं प्रेम खोटं होतं असं मी म्हणणार नाही. त्यांत स्वतःच्या रोजीरोटीची काळजी असलेले तंत्रज्ञही होते. पण आम्हा चाहत्यांचं प्रेम त्या आठवड्यात एका मोठ्या कंपनीच्या हातातलं वजन झालं, आणि ते काट्याच्या कुठल्या पारड्यात पडतंय हे आम्ही पाहिलंच नाही. तो कायदा बदलून चित्रपट क्षेत्रातल्या कंत्राटी कामगारांना पुन्हा एकत्र वाटाघाट करता यावी, यासाठी न्यूझीलंडला २०२२ पर्यंत थांबावं लागलं. बारा वर्षं. दरम्यान 'हॉबिट'चे तीनही भाग येऊन गेले आणि मी ते तिकीट काढून पाहिले.

असं होतं याचं एक कारण, आम्हाला जे दाखवलं जातं त्यालाच आम्ही निर्मिती समजतो. 'हॉबिट'च्या वेळी जॅक्सन चित्रीकरणाच्या चित्रफिती अधूनमधून प्रसिद्ध करत. सुंदर होत्या त्या. रंगभूषेच्या खोलीत बुटक्यांच्या दाढ्या चिकटवल्या जात आहेत, डोंगरात तंबू पडले आहेत, सगळे हसताहेत. मी त्या पुन्हा पुन्हा पाहिल्या आहेत. त्यांतला आनंद खोटा नव्हता, पण त्या फिती कुणी काढल्या, काय ठेवायचं आणि काय कापायचं हे कुणी ठरवलं, हा प्रश्न आम्ही विसरलो. पडद्यामागचं म्हणून जे आपल्यापुढे येतं, तेही पडद्यावरचंच असतं. त्याच्याही मागे एक जागा उरते. तिथे कॅमेरा जात नाही, कारण तिथे एक माणूस रात्री दोन वाजता संगणकापुढे बसून ड्रॅगनच्या खवल्यांवरचा उजेड सातव्यांदा दुरुस्त करत असतो, आणि ते दृश्य कुणाला पाहायला आवडणार नाही.

तारखेचंही असंच. चाहत्यांच्या बोलण्यात सगळ्यांत पवित्र शब्द कुठला असेल तर तो प्रदर्शनाची तारीख. ती जाहीर झाली की आम्ही दिवस मोजायला लागतो, आणि पुढे ढकलली गेली की विश्वासघात झाल्यासारखे चवताळतो. 'हॅरी पॉटर अँड द हाफ-ब्लड प्रिन्स' हा सहावा भाग २१ नोव्हेंबर २००८ ला यायचा होता. ऑगस्टमध्ये वॉर्नरनं तो पुढच्या जुलैवर नेला. पटकथालेखकांच्या संपामुळे २००९ च्या उन्हाळ्यासाठी मोठे चित्रपट कमी पडत होते, म्हणून हे पाऊल. चाहत्यांनी पत्रांचा आणि निषेधांचा असा मारा केला की स्टुडिओच्या प्रमुखांना जाहीर खुलासा करावा लागला. आता त्याच्या शेजारी 'हॉबिट' ठेवा. देल तोरो गेल्यावर जॅक्सन यांना तयारीला मुळात वेळच उरला नव्हता. जुलै २०१२ मध्ये चित्रीकरण संपत आलं आणि त्याच महिन्याच्या अखेरीस दोनाचे तीन भाग करण्याचं जाहीर झालं. शेवटच्या मोठ्या लढाईची आखणीच झालेली नव्हती, म्हणून ती थांबवून २०१३ मध्ये चित्रित करावी लागली. तिसऱ्या भागाच्या डिस्कवरच्या चित्रफितींमध्ये तिथली माणसं हे स्वतःच्या तोंडानं सांगतात. रोज सकाळी, आज काय चित्रित करायचं हे पुरतं ठरलेलं नसताना सेटवर जाणाऱ्या त्या माणसांचे थकलेले चेहरे पाहून मला पोटात कसंतरी झालं.

एका ठिकाणी व्यवसायाची गरज म्हणून चित्रपट थांबवला गेला, दुसऱ्या ठिकाणी काम तयार नसताना पुढे रेटला गेला. दोन्हीकडे तारीख ठरवली ती बाजारानं. आम्ही मात्र ती आम्हाला दिलेलं वचन समजतो आणि उशीर झाला की रागावतो. माझ्या माहितीत घाईबद्दल चाहते कधी रागावलेले नाहीत. चित्रपट वाईट निघाल्यावर रागावतात, ते वेगळं. घाई चालू असताना, ती दिसत असताना, 'आणखी सहा महिने घ्या, आम्ही थांबतो' असं म्हणणारा मोठा आवाज मी ऐकलेला नाही. आणि असा आवाज चाहत्यांशिवाय कुणाचा असू शकतो? नट बोलला तर पुढचं काम जातं. तंत्रज्ञाच्या करारात गुप्ततेचं कलम असतं. मोकळेपणानं बोलू शकणारे आम्हीच.

बोलतो आम्ही भरपूर, पण दुसऱ्याच गोष्टींवर. कथेत काय व्हावं, कुणी कुणाच्या प्रेमात पडावं, कुणाचा मुखडा कसा असावा. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या दुसऱ्या भागात, 'द टू टॉवर्स'मध्ये, आर्वेन या पात्राला किल्ल्याच्या लढाईत आणायचं ठरलं होतं, काही दृश्यं चित्रितही झाली होती. बातमी फुटली आणि मूळ पुस्तकाला मानणारे खवळले. अखेर ती दृश्यं वगळली गेली. चित्रपट त्यामुळे सुधारला असंच मला वाटतं, तरीही आमच्या ओरड्यामुळे एखादं पात्र लढाईतून उठून जावं ही रीत मला पटत नाही. दिग्दर्शकाला चुकण्याचा हक्क असला पाहिजे, नाहीतर बरोबर येण्याला काय किंमत? आमचं ऐकून केलेली कथा आम्हाला आधीच माहीत असलेली कथा असते. आणि ती ऐकायला तर आम्ही इतकी वर्षं ताटकळलेलो नसतो.

शिवाय अशा मागण्यांचं बिल कुठे जातं हेही पाहावं. कुठल्याही चित्रपटाचा पुढचा भाग नसलेल्या चित्रपटाचं एक उदाहरण इथे घेतो, कारण ते फार बोलकं आहे. २०१९ मध्ये 'सॉनिक द हेजहॉग'ची पहिली झलक आली, त्यातल्या नायकाचा चेहरा लोकांना आवडला नाही, हल्लकल्लोळ झाला आणि दोन-तीन दिवसांत दिग्दर्शकानं चेहरा बदलण्याचं कबूल केलं. तारीख तीन महिन्यांनी पुढे गेली. चाहत्यांचा विजय म्हणून हा प्रसंग आजही सांगितला जातो. त्या चित्रपटाचं दृक्परिणामांचं, म्हणजे व्हीएफएक्सचं, काम करणारी एमपीसी कंपनीची व्हँकूव्हरची शाखा त्याच डिसेंबरमध्ये बंद झाली. एकामुळे दुसरं झालं असा माझा दावा नाही, कंपनीची कारणं आणखी पुष्कळ असतील. पण विजयाची गोष्ट सांगताना त्या बंद झालेल्या खोल्यांचा उल्लेख कुणीच करत नाही, हे मला बोचतं.

याच्या उलट आमच्यातला एक गुण मी आवर्जून सांगेन. कट्टप्पानं बाहुबलीला का मारलं, हा प्रश्न १० जुलै २०१५ पासून २८ एप्रिल २०१७ पर्यंत, जवळजवळ पावणेदोन वर्षं, कोट्यवधी लोकांनी मजेत उराशी बाळगला. त्या काळात तर्क लढवण्याची जी गंमत होती, ती उत्तरापेक्षाही मोठी होती असं मला वाटतं. मधे, नोव्हेंबर २०१६ मध्ये, दुसऱ्या भागातल्या युद्धाचा तुकडा बाहेर फुटला आणि त्या संदर्भात ग्राफिक्सच्या कामातल्या एका तरुणाला अटक झाली. चोरी ती चोरीच. पण फुटलेला तुकडा पाहण्यासाठी जे तुटून पडतात त्यांना काही होत नाही आणि साखळीतली सर्वांत खालची कडी पोलीस ठाण्यात जाते, हे लक्षात आल्यापासून मी असं फुटलेलं काही पाहत नाही. हा नियम मी स्वतःला घातला आहे. त्यानं माझं काही अडलेलं नाही.

आता ज्यांचा पुढचा भाग कधी आलाच नाही, त्यांच्याबद्दल. 'नार्निया' या अद्भुतपट-मालिकेच्या पहिल्या चित्रपटानं जगभरात सुमारे ७४ कोटी ५० लाख डॉलर कमावले. दुसरा, 'प्रिन्स कॅस्पियन', २००८ च्या मे महिन्यात आला. त्यासाठी स्लोव्हेनियात सोचा नदीवर लाकडी पूल उभारला गेला होता, त्या पुलाचं बांधकाम चाहत्यांनी फळी-फळीनं पाहिलं होतं. कमाई सुमारे ४२ कोटींवर थांबली आणि डिसेंबरमध्ये डिस्नेनं अंग काढून घेतलं. तिसऱ्या भागाला दुसऱ्या कंपनीनं हात दिला, तो २०१० मध्ये आला, आणि चौथा आजतागायत आला नाही. 'द गोल्डन कंपास'ला तर पहिल्याच घासाला खडा लागला. २००७ मध्ये आलेल्या या चित्रपटानं जगभरात सुमारे ३७ कोटी डॉलर मिळवले, पण त्यांतले अमेरिकेतले जेमतेम ७ कोटी, आणि परदेशातले हक्क न्यू लाइन कंपनीनं आधीच विकून टाकले होते. दोन्ही पुढचे भाग कागदावर राहिले. एखाद्या कथेवर किती जणांचा जीव आहे, यापेक्षा त्या जिवाची वसुली कुणाच्या खात्यात होते यावर पुढचा भाग ठरतो, हे मला तिथे पहिल्यांदा उमगलं.

त्याच 'गोल्डन कंपास'ला दृक्परिणामांचं ऑस्कर मिळालं होतं. त्यात मोठा वाटा ऱ्हिदम अँड ह्यूज या कंपनीचा, जिनं नार्नियाच्या पहिल्या चित्रपटात सिंह जिवंत केला होता. या कंपनीची कामं मुंबई आणि हैदराबादमध्येही चालत. २०१३ च्या फेब्रुवारीत तिनं दिवाळखोरीचा अर्ज केला. २४ फेब्रुवारीला 'लाइफ ऑफ पाय'मधल्या वाघासाठी तिच्या लोकांना पुन्हा ऑस्कर मिळालं. सोहळ्याच्या जागेजवळ शेकडो दृक्परिणाम कामगार निदर्शनं करत उभे होते, आणि व्यासपीठावर पारितोषिक घेणारे बिल वेस्टनहॉफर आपल्या कंपनीच्या अवस्थेबद्दल बोलायला लागले तेव्हा संगीत वाढवून त्यांचं बोलणं तोडलं गेलं. याचं मूळ कामाच्या पद्धतीत आहे. दृक्परिणामांचं काम बहुधा ठरावीक रकमेवर घेतलं जातं, कमीत कमी बोली लावणाऱ्याला मिळतं, आणि मग स्टुडिओनं कितीदाही मत बदललं तरी वाढलेले तास त्या कंपनीच्या, म्हणजे अखेर कामगारांच्या माथी बसतात. २०२५ च्या फेब्रुवारीत टेक्निकलर हा समूह कोसळला, त्यातच एमपीसी होती. भारतातल्या हजारो जणांचं काम काही दिवसांत गेलं. आम्ही ज्या जगांसाठी वेडे होतो ती जगं त्यांनी खवला-खवला, केस-केस करून उभी केली होती.

यावर दोन आक्षेप मी ऐकतो. एक असा की चाहता हा आनंदासाठी येतो, त्याच्या डोक्यावर कामगार कायद्याचं ओझं कशाला? हे मला मुळातच मान्य नाही, कारण आम्ही आधीच ओझं वाहणारी माणसं आहोत. काल्पनिक राज्यांच्या वंशावळी पाठ करणाऱ्याला एका वाटाघाटीचा मसुदा वाचणं जड जाऊ नये. दुसरा आक्षेप अधिक विचार करण्यासारखा आहे: अशी चौकशी करत बसलं तर जादू उरेल का? मला याची खरंच भीती वाटत होती. पण अनुभव वेगळा आला. नार्नियाचा सिंह मी अलीकडे पुन्हा पाहिला. त्याच्या आयाळीतून वारा जातो तेव्हा आता मला त्यामागे बसलेली माणसं जाणवतात, आणि तो सिंह त्यामुळे लहान झालेला नाही. मंदिराच्या शिल्पावरून हात फिरवताना आपण पाथरवट आठवतो, त्यानं देव कमी होत नाही.

आणि आमच्या बोलण्यानं काही होत नाही असं कुणी म्हणू नये. ज्या गर्दीच्या निषेधावर स्टुडिओचे प्रमुख खुलासे देतात, जिच्या रागानं नायकाचा चेहरा बदलतो, तिनं एकदा कामाच्या तासांबद्दल विचारून पाहावं. दृक्परिणाम कामगार स्वतः उभे राहिलेच आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये मार्व्हल स्टुडिओच्या या कामगारांनी एकमतानं संघटना करण्याच्या बाजूनं मतदान केलं. त्याआधीच्या वर्षी त्यांच्यावरच्या ताणाच्या हकिकती छापून आल्या, तेव्हा चाहत्यांमध्येही त्याची चर्चा झाली, आणि बऱ्याच जणांनी पहिल्यांदाच 'ग्राफिक्स खराब आहेत' याऐवजी 'यांना वेळ का दिला नाही?' असं विचारलं. माझ्या दृष्टीनं ती फार मोठी गोष्ट होती. तोच प्रश्न चित्रपट येण्याआधी विचारला गेला तर?

तशी संधी समोरच आहे. मे २०२४ मध्ये 'द हंट फॉर गॉलम' जाहीर झाला, त्याच जगातला, 'हॉबिट' आणि 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' यांच्या मधल्या काळातला. दिग्दर्शक अँडी सर्किस. आधी २०२६ म्हणाले, मग १७ डिसेंबर २०२७. तारीख पुढे गेली तेव्हा चाहत्यांमध्ये नेहमीची हळहळ झाली. मला बरं वाटलं. या वेळी मी नटांच्या निवडीबरोबर आणखी काही गोष्टींचा माग ठेवणार आहे: दृक्परिणामांचं काम कुठल्या कंपन्यांकडे आणि किती मुदतीवर गेलं आहे, तिथल्या कामगारांची संघटना आहे का, चित्रीकरण जिथे होईल तिथला कायदा कंत्राटी माणसाला काय देतो, कुठे वाद उठला तर दोन्ही बाजूंची कागदपत्रं काय म्हणतात. आणि वाद उठलाच, तर या वेळी आधी वाचेन आणि मग तोंड उघडेन.

श्रेयनामावलीकडे शेवटी येईन असं म्हटलं होतं. त्या विस्तारित आवृत्तीत हजारो चाहत्यांची नावं आहेत, आणि ते योग्यच झालं. पण मोठ्या चित्रपटांच्या श्रेयनामावलीत दृक्परिणाम कंपन्यांना ठरावीकच जागा मिळते, आणि महिनोन् महिने राबलेल्या कित्येकांची नावं त्यात बसत नाहीत म्हणून गाळली जातात. आता एखादा पुढचा भाग पाहायला गेलो की दिवे लागल्यावरही मी बसून राहतो. नावं वाचत जातो, स्तंभामागून स्तंभ, शेवटच्या ओळीपर्यंत. १ कोटी २५ लाख कड्या ओवणाऱ्यांची नावं मला अजून पाठ नाहीत. ती पहिल्या भागापासून पुन्हा शोधायला घेतली आहेत.